आकडे गेज बदलताना

पोरी, प्रतापनगरच्या डीआरएम ऑफिसात पगाराच्या जुन्या टेपवरच्या फायली नव्या मशीनवर न्यायचं काम तुझ्याकडे आलंय, तर एवढं ऐकून ठेव. नाव बिघडलं तर लगेच दिसतं, वाचताच येत नाही. आकडा बिघडला तरी तो आकडाच दिसतो.

आपल्या नॅरोगेजचा डबा कुणी कधी मुंबई लाइनच्या रुळांवर ढकलला नाही. एक अडीच फुटी, दुसरी साडेपाच फुटी. माल उतरवायचा, पोती मोजायची, पलीकडे चढवायची. आकड्यांचंही तेच.

रेकॉर्डचा आराखडा हाती आल्याशिवाय फायलीला हात लावू नकोस. कोबोलच्या फायलीत 'पॅक्ड' रकाने असतात: एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याचं चिन्ह. १४०५ रुपये हेक्समध्ये ०१ ४० ५सी असे बसतात. आता आयबीएमच्या एब्सिडिक या अक्षरसंकेतात ४० म्हणजे मोकळी जागा आणि ५सी म्हणजे तारा. अख्खी फाइल डोळे मिटून नव्या मशीनच्या आस्की संकेतात बदललीस, की ४० चे २० होतात, ५सी चं २ए. त्यातून 'ए' हेही अधिकचंच चिन्ह! १४०५ चे १२०२ झाले आणि मशीनने हूं की चूं केलं नाही.

म्हणून जुन्या मशीनवरच छोटा प्रोग्राम लिहून आकडे सुटे कर. एक अंक, एक अक्षर. पुढे शून्यं भर, चिन्हाला वेगळा रकाना दे. मग खुशाल आस्कीत बदल.

पॅक्ड नसलेल्या कपातीच्या रकान्यात शेवटी 'एन' दिसला तर कचरा म्हणून पुसू नकोस. तो उणे पाच आहे; 'जे' म्हणजे उणे एक. अंकावर चिन्ह चढवायची ही रीत पंच-कार्डांच्या काळातली. १९६० च्या दशकात रेल्वेत आलेल्या आयबीएम १४०१ वरही ती होती.

दशांशचिन्ह बहुधा फायलीत नसतंच, आराखड्यात असतं. १४०५५० म्हणजे १४०५ रुपये ५० पैसे. रक्कम पैशांतच ने. फ्लोटिंग नको, जुनं आयबीएम, वॅक्स आणि पीसी, तिघांची तऱ्हा निराळी. बायनरी पूर्णांकांवरही भरवसा नको. दोन बाइटांचा क्रम उलटला की एकाचे २५६ होतात.

पीएफ नंबर हा आकडा समजू नकोस. अक्षरं म्हणूनच ने, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं गिळून बसेल.

आधी नमुना फाइल पाठव. तिच्यात शून्य, उणे रक्कम, सर्वांत मोठी रक्कम आणि रिकामा रकाना हवाच. रिकामा वेगळा, शून्य वेगळं.

मग बेरजा. रेकॉर्ड किती, रकमांची एकूण बेरीज किती, हे दोन्ही मशीनवर स्वतंत्र काढ. पीएफ नंबरांतल्या अंकांचीही बेरीज घे. तिला अर्थ काही नाही, पण एखादा कर्मचारी वाटेत गळाला तर तीही चुगली करते. बेरीज जुळली तरी एकाचा पगार दुसऱ्याच्या नावावर गेलेला असू शकतो. तेव्हा छापील पगारपत्रकातली काही नावं काढून ओळीनं ताडून बघ.

आणि हे सगळं पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनं मशीन बंद करायच्या कागदावर सही करू नकोस. साहेबांनी कितीही घाई केली तरी.