गिलानाची सेवा : विद्यापीठातला मित्र खचलेला दिसला तर



सप्टेंबरअखेर ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे नवे वर्ष सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत आपला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम येतो आणि महाराष्ट्रातून नुकतीच आलेली मुले-मुली पहिल्यांदा आपल्यात येऊन बसतात. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आलेले असते, कोणी घर गहाण टाकून कर्जावर. आपण त्यांच्याशी कोर्सबद्दल, नोकरीबद्दल, व्हिसाबद्दल बोलतो. एका विषयावर मात्र बोलायचे राहून जाते. आपल्यासोबत शिकणारा मित्र मनाने खचला, तर त्याला कुठे न्यायचे? या महिन्याचा पाठ त्याविषयी आहे. तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी आहे, पण इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनीही वाचावा.

महावग्गातला प्रसंग

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासोबत विहारात फिरत असताना एका खोलीत त्यांना अतिसाराने आजारी पडलेला भिक्खू दिसला. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवंतांनी विचारले, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, नाही. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला एकत्र बोलावले आणि समजावले की इथे तुमची शुश्रूषा करायला आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा उपदेश त्याच वेळचा. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आजाऱ्यांविषयीची भगवंतांची ही आस्था सांगितली आहे.

परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा उपदेश जसाच्या तसा लागू होतो. इथे आईवडील नाहीत. आणि जो मुलगा कार्यक्रमाला येत नाही, फोन उचलत नाही, वर्गणी देत नाही, त्याला आपणही हळूहळू विसरतो. त्या भिक्खूचे हेच झाले होते.

मी केलेली चूक

वीसेक वर्षांपूर्वी मी इंग्लंडमध्ये इंजिनीअरिंगचे एम.एस्सी. करत होतो. आमच्या फ्लॅटमध्ये विदर्भातला एक मित्र होता. जानेवारीच्या परीक्षेनंतर तो स्वयंपाकघरात येईनासा झाला. रात्रभर त्याच्या दाराखालून उजेड दिसायचा आणि दिवसा तो झोपलेला असायचा. मी दोनदा दार वाजवले. दुसऱ्यांदा म्हणालो, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू एका पेपरने असा खचतोस?” तो ओशाळवाणे हसला, “हो रे, बरोबर आहे तुझं,” म्हणाला आणि दार लावून घेतले. मला वाटले, मी त्याला उभारी दिली.

पुढच्या आठवड्यात आमच्याच फ्लॅटमधल्या, नर्सिंग शिकणाऱ्या एका नायजेरियन मुलीने दोन कप चहा केला आणि ती त्याच्या दाराबाहेर जमिनीवर बसली. अर्ध्या तासाने त्याने दार उघडले. तिने सरळ विचारले, “जीव द्यावासा वाटतो का?” तो हो म्हणाला. ती तिथून हलली नाही. तिने फोन लावला आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत डॉक्टरकडे गेली. नंतर त्याने मला सांगितले की त्याला दोन भीती होत्या. घरी कळेल ही एक, आणि कर्ज काढून इथवर आलो ते वाया गेले असे लोक म्हणतील ही दुसरी. तो बरा झाला, एक वर्ष उशिरा पदवी घेतली आणि आज चांगला संसार करतो. पण माझ्या बोलण्याने त्याचे दार आणखी घट्ट बंद झाले होते, हे मी विसरलेलो नाही.

बाबासाहेबांचे नाव आपण असे चाबकासारखे वापरू नये. १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा लंडनला आले ते मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. अडचणीत माणसाने माणसाकडे मदत मागावी, हेही त्यांच्या विद्यार्थिदशेतून शिकण्यासारखे आहे.

चांगला शुश्रूषक कोण?

त्याच महावग्गात आजाऱ्याची सेवा कोणी करावी याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषधाची व्यवस्था करता यावी. रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळावे. त्याने सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नाही. घाणीची किळस करू नये. आणि योग्य वेळी धम्माच्या बोलण्याने रोग्याचे मन प्रसन्न करावे. धम्माचे बोलणे आहे, पण औषधासोबत, औषधाऐवजी नाही. भगवंतांनी स्वतःही जीवक वैद्याकडून उपचार घेतले होते. म्हणून खचलेल्या मित्राला “ध्यान कर, बरं वाटेल” एवढेच सांगून मोकळे होऊ नका. संकटात असलेल्याला उपाय म्हणून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरालाही पाठवू नका. गंभीर मानसिक आजारात ही शिबिरे करू नयेत असे शिबिर घेणारेच सांगतात. आधी डॉक्टर.

रोग्याचेही गुणदोष तिथे दिले आहेत. आपला आजार जसा आहे तसा न सांगणारा रोगी शुश्रूषेला कठीण, असे म्हटले आहे. आपली मुले नेमके हेच करतात. व्हिडिओ कॉलवर आईला “सगळं मस्त चाललंय” म्हणतात. म्हणून मित्राने विचारावे लागते.

कसे विचारायचे?

झोप बिघडणे, आंघोळ-जेवण सुटणे, लेक्चर चुकवणे, पैशांबद्दल सतत घाबरणे, वस्तू वाटून टाकणे, “मी नसतो तर बरं झालं असतं” असे बोलणे, ही लक्षणे ओळखा. डिसेंबरात इथे चारच्या आधी अंधार पडतो. तेव्हा आणि परीक्षांनंतर जास्त लक्ष ठेवा.

एकांतात बसा. “गेले काही दिवस तू जेवायला येत नाहीस, मला काळजी वाटते,” असे जे दिसले तेच सांगा. मग ऐका. उपाय सुचवायची घाई करू नका. शंका आली तर आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलता येते म्हणून माणसाला हायसे वाटते.

“कोणाला सांगू नकोस” असे तो म्हणेल. सिगालोवाद सुत्तात चांगला मित्र गुपित जपतो असे सांगितले आहे, आणि तो संकटात साथ सोडत नाही असेही तिथेच आहे. इतर गोष्टी तुमच्यापाशीच ठेवा. पण जिवाला धोका असेल तर गुप्ततेचे वचन देऊ नका. “तुझा जीव धोक्यात असेल तर मी मदत बोलावणार, आणि तुला सांगूनच बोलावणार,” असे आधीच म्हणा. मित्र रागावला तर रागावू द्या. जिवंत मित्राचा राग उतरतो.

कुठे न्यायचे?

जीव आत्ता धोक्यात असेल तर ९९९. स्वतःला इजा केली असेल, जास्त गोळ्या घेतल्या असतील, किंवा “मी स्वतःला आवरू शकत नाही” असे म्हणत असेल, तर रुग्णवाहिका बोलावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या ए अँड ई विभागात न्या. गोळ्या घेतल्यानंतर बरे वाटत असले तरी थांबू नका. काही परिणाम उशिरा दिसतात. हॉस्टेलमध्ये असाल तर विद्यापीठाच्या सिक्युरिटीलाही कळवा. रुग्णवाहिकेला वाट दाखवणे आणि दार उघडणे त्यांच्याकडून लवकर होते. मदत येईपर्यंत मित्राला एकटे सोडू नका.

तातडीचे आहे, पण जीव या क्षणी धोक्यात नाही, तर १११. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो. रात्री-अपरात्रीही फोन लागतो आणि दुभाषी मागता येतो.

फक्त कोणाशी तरी बोलायचे असेल तर समॅरिटन्स, ११६ १२३. चोवीस तास, फोन मोफत, आणि त्यासाठी आत्महत्येचाच विचार मनात असायला हवा असे नाही. बोलवत नसेल तर ‘शाउट’ हा इंग्रजी शब्द ८५२५८ वर एसएमएस करावा. पस्तीस वर्षांखालच्यांसाठी पपायरस संस्थेची होपलाइन आहे, ०८०० ०६८ ४१४१. मित्राच्या काळजीत असलेल्या तुम्हालाही तिथे सल्ला मिळतो. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच चालवलेली ‘नाइटलाइन’ रात्री ऐकून घेते.

रोजच्या मदतीसाठी विद्यापीठाची वेलबीइंग सर्व्हिस, समुपदेशक आणि पर्सनल ट्यूटर. अर्ज भरायला मित्राच्या शेजारी बसा, पहिल्या भेटीला दारापर्यंत सोबत जा. खचलेल्या माणसाला नुसती लिंक पाठवली तर ती तशीच पडून राहते.

डॉक्टर म्हणजे जीपी. आल्या आठवड्यातच नोंदणी करा. व्हिसाच्या वेळी विद्यार्थ्यांनी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यात जीपी आणि रुग्णालय दोन्ही येतात. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःही अर्ज करता येतो.

मनातल्या तीन भीती

पहिली, घरी कळेल. विद्यार्थी सज्ञान असतो. समुपदेशक किंवा डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांना कळवत नाहीत. जिवाला गंभीर धोका असेल तरच वेगळा विचार होतो.

दुसरी, व्हिसा जाईल. समुपदेशकाकडे गेल्याने व्हिसा जात नाही. अडचण येते ती न सांगता गैरहजर राहिल्याने, कारण व्हिसाचे प्रायोजक म्हणून विद्यापीठाला हजेरीवर लक्ष ठेवावे लागते. आजारपणामुळे परीक्षा किंवा असाइनमेंट राहिली तर मुदत वाढवून मागण्याची रीतसर पद्धत प्रत्येक विद्यापीठात असते. तारीख उलटण्याआधी अर्ज करावा. शिक्षण काही काळ थांबवायचे असेल तर मात्र व्हिसावर परिणाम होतो. त्या निर्णयाआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला भेटावे आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावे. दीर्घकाळचा मानसिक आजार २०१० च्या समता कायद्याखाली अपंगत्वात येऊ शकतो, आणि मग योग्य त्या सोयी मागण्याचा हक्क मिळतो.

तिसरी भीती आपली खास आहे. इथेही आडनाव विचारणारे, गाव विचारणारे, शिष्यवृत्तीवरून टोमणे मारणारे भेटतात. त्रास त्यातून होत असेल तर “माझंच मन कमकुवत” असे मित्राला म्हणू देऊ नका. छळाची तक्रार विद्यापीठाकडे करता येते, आणि स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात त्यासाठी मदत मिळते. समुपदेशकाला जात म्हणजे काय हे माहीत नसेल, तर ते समजावायला तुम्ही सोबत बसू शकता. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या स्मृतीत आपण दरवर्षी मेणबत्त्या लावतो. मुलगा एकटा पडलेला असतानाच त्याच्या दाराशी जाणे, हीसुद्धा त्या स्मृतीची जबाबदारी आहे.

स्वतःलाही जपा

तुम्ही मित्र आहात, डॉक्टर नाही. रात्रभर एकट्याने पहारा देत बसू नका. महावग्गातही आजाऱ्याचा भार एकावर टाकलेला नाही. उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहाध्यायी आणि कोणीच नसेल तर सगळा संघ, अशी जबाबदारी वाटून दिली आहे. तुम्हीही दोघा-तिघांत वाटून घ्या. कुटुंबांनी एवढे करावे : महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याला जेवायला बोलवावे आणि मार्क विचारू नयेत.

अभ्यासवर्गासाठी

१. आपल्या कार्यक्रमांना येणे बंद झालेले विद्यार्थी कोण? त्यांना या आठवड्यात फोन कोण करणार?

२. मित्राने गुप्ततेची शपथ घातली आणि जिवाला धोका आहे, तर तुम्ही कोणत्या शब्दांत बोलाल? दोघादोघांनी मोठ्याने बोलून पाहा.

३. पाठ संपण्याआधी प्रत्येकाने आपल्या विद्यापीठाच्या सिक्युरिटीचा, वेलबीइंग सर्व्हिसचा आणि वर दिलेले सर्व क्रमांक फोनमध्ये साठवावेत.

हे वाचत असताना तुम्हीच त्या बंद दाराआड असाल, तर आजार जसा आहे तसा कोणाला तरी आज सांगा. ११६ १२३ वर सांगा, नाहीतर आपल्यापैकी कोणालाही.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!