पहिली उमेदवारी : कुठे शोधावी, कशी पक्की करावी?

कापडाच्या धंद्यात पूर्वी मुलगा आधी पेढीवर उमेदवारी करीत असे. ठाण उचलणे, पन्हा मोजणे, उधारीची वही लिहिणे यातूनच तो व्यापारी घडत असे. आज यालाच इंटर्नशिप म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले आहे. एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने ४ क्रेडिटसाठी १२० तास होतात. पण ज्याची कुठे ओळख नाही अशा मुलाने काय करावे?

जागा कुठे शोधावी?
आमची मुले मोठ्या कंपन्यांच्या नावामागे धावतात आणि जवळचे दार विसरतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग कारखाने, सायझिंग, ट्रान्सपोर्टची ऑफिसे, कापडाचे आडते व दलाल, कर सल्लागार असे सर्व काही आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यालाही बिले नीट ठेवणारा माणूस लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली शाळा कोणती?

कसे जावे?
सुट्टीच्या दोन महिने आधी दहा जागांची यादी करा. एका पानाचा अर्ज लिहा : शिक्षण काय, काय येते, कोणत्या तारखेपासून किती दिवस येणार. ईद-दिवाळीच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जा. "काही काम द्या" असे म्हणू नका. "तुमची बिले संगणकावर चढवून देईन, येणे बाकीची यादी करून देईन" असे सांगा. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी-इंग्रजीत अर्ज लिहिताना हात कापत असे. अशा मुलांनी अर्ज शिक्षकांकडून तपासून घ्यावा. पण बोलायला स्वतः जावे. वडील बोलतात आणि मुलगा मान खाली घालून उभा राहतो, अशा मुलाला मालक काम सांगायला कचरतो.

ठाण उचलावे लागले तर कमीपणा मानू नका. हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) कापडाचेच व्यापारी होते.

लिहून घ्या
ही गोष्ट मी ठेच लागून शिकलो. नात्यातल्या एका मुलासाठी मी एका व्यापाऱ्याकडे शब्द टाकला. मुलगा चार महिने इमानदारीने राबला. शेवटी ना पैसे मिळाले, ना प्रमाणपत्र. "तू शिकायलाच आला होतास ना?" एवढेच उत्तर मिळाले. कॉलेजात दाखवायला त्याच्याकडे एक कागद नव्हता. घरी यंत्रमागावर खपणाऱ्या बापाला चार महिन्यांची त्याची कमाईही बुडाली. दोष त्या व्यापाऱ्याचा होता, तसाच माझाही. व्यवहार तोंडी ठेवायला मीच सांगितले होते.

कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपण कापडाचे बिल लिहितो. मग मुलाचे चार महिने तोंडी का ठेवावेत? म्हणून कामाला लागण्यापूर्वी एक पत्र घ्या. त्यात सुरुवातीची व शेवटची तारीख, रोजचे तास, कामाचे स्वरूप, मानधन आणि प्रमाणपत्र देण्याचे वचन असावे. कॉलेजचे पत्र मालकाला द्या व त्याची पोच घ्या. रोज काय केले ते वहीत लिहून आठवड्याला सही घ्या.

कायदा काय म्हणतो?
शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार होणारी अॅप्रेंटिसशिप वेगळी. तिचा करार नोंदवला जातो व विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. कॉलेजच्या साध्या इंटर्नशिपला असा नोंदवलेला करार नसतो. म्हणूनच तिथे पत्राचे मोल जास्त.

शेवटी व्यापारी बंधूंना एक विनंती. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. ती दुकानातल्या शिकाऊ मुलालाही लागू आहे. निदान येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेवर प्रमाणपत्र तरी द्या. त्या मुलाचे पुढचे दार त्या एका कागदाने उघडते.