रुळावरचे खोबरेल

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी आमच्या थ्री-इन-वन प्रिंटरमधून कट-कट-कट असा आवाज आला आणि स्कॅनरची दिव्याची पट्टी काचेच्या मधोमध थांबली. तेव्हाच प्लग काढून ठेवला असता, तर पुढचे रामायण टळले असते. मी बटण बंद केले आणि लगेच चालू केले. असे पाच-सहा वेळा केले. दर वेळी आवाज थोडा मोठा येत होता आणि मला वाटत होते, आता सुटतेय.

काम निकडीचे होते. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीसाठी जुने कागद भावाला पाठवायचे होते. खरेदीखत, फेरफाराच्या नकला, हस्तलिखित सातबारे, सगळे पिवळे पडलेले आणि टाचण्यांनी टोचलेले. मी टाचण्या उपसून मशीनच्या झाकणावरच ठेवत होतो. झाकण उचलले की त्यावरचे सगळे मागे घरंगळते आणि मागे बिजागऱ्यांच्या खाचा असतात. त्या खाचांतून थेट स्कॅनरच्या पोटात वाट जाते, हे मला नंतर कळले.

आवाजाचा अर्थ समजून घ्या, कारण निम्मी दुरुस्ती त्यातच आहे. मशीन सुरू झाले की ती पट्टी आधी कडेच्या आपल्या जागेवर जाते. तिथे काचेच्या चौकटीखाली एक पांढरी पट्टी चिकटवलेली असते. तिच्याकडे पाहून दिव्याची पट्टी ‘पांढरे म्हणजे किती पांढरे’ हे ठरवते आणि मगच कामाला लागते. तिला चालवते एक छोटी मोटर, चार-दोन प्लास्टिकची दातेरी चाके आणि दातेरी पट्टा किंवा दातेरी रूळ. वाटेत काही अडकले तरी मोटर आपली ठरलेली पावले टाकतच राहते. पट्टी हलत नाही, चाकाचे दाते एकमेकांवरून उड्या मारतात, तोच तो कट-कट. म्हणजे मी जितक्या वेळा बटण दाबले, तितक्या वेळा ते प्लास्टिकचे दाते झिजवत होतो. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये ही सुरुवातीची हजेरी लागली नाही, तर छपाईही बंद. स्कॅनर रुसला की प्रिंटरही रुसतो.

मग शेजारचे काका आले. त्यांनी मोठ्या खात्रीने सांगितले, “उभं करा, पाठीवर हलकं थोपटा. माझ्या स्कॅनरची पट्टी अशीच सुटली होती.” त्यांचे खोटे नव्हते. पण त्यांच्याकडे होता नुसता चपटा स्कॅनर आणि माझ्या मशीनच्या कडेला शाईच्या चार टाक्या. उभे केल्यावर अर्ध्या मिनिटात टेबलाच्या पांढऱ्या कपड्यावर काळी, निळी, गुलाबी, पिवळी अशी रंगपंचमी सुरू झाली. टाकीवाला प्रिंटर कधीही आडवा-उभा करू नये. शाई सांडते ती दिसते तरी. नळ्यांत हवा शिरते ती दिसत नाही आणि मग छपाईत पांढऱ्या रेघा येतात. त्या घालवायला मशीनची सफाई दोन-तीनदा चालवावी लागते, तीही शाई पिऊनच.

कपडा बादलीत गेला, बायकोने माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

इथे आणखी एक चूक सांगून टाकतो. उघडण्याआधी बिल शोधायला हवे होते. ते दिवाळीच्या सफाईत सापडले. त्या दुपारी वॉरंटीचे पाच आठवडे शिल्लक होते.

उघडण्याचे काम मात्र मला बरे जमले. प्लग काढला. काचेच्या चौकटीचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या टोप्यांखाली लपलेले होते. ते इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढला. काही मशीनच्या स्क्रूंना चांदणीच्या आकाराचे डोके असते. त्याला साधा स्क्रू-ड्रायव्हर लावून डोके गोल करण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून तसलाच आणावा. चौकट खटक्यांवरही बसवलेली असते, म्हणून जोर न लावता कडेकडेने सोडवत जायचे. आत एक पांढरी चपटी केबल पट्टीला जोडलेली असते. तिला वाकवू नये, तिरकी ओढू नये. नाजूक सगळे तिथेच असते.

टाचणी दातेरी रुळातच आडवी पडली होती. चिमट्याने उचलली, बस. काम दोन मिनिटांचे. इथे मी थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण उघडलेच आहे तर थोडे तेलपाणी करू, असे वाटले. पट्टी ज्या रुळावरून सरकते, तो मला कोरडा दिसला. स्वयंपाकघरातून खोबरेल आणले आणि बोटाने सढळ हाताने चोळले. पट्टी लोण्यासारखी सरकू लागली. शेजारच्या काकांना बोलावून दाखवलेसुद्धा.

आम्ही नाशिककर. डिसेंबरात एका सकाळी मशीन चालू केले, तर तोच कट-कट. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, हे बाथरूममधल्या बाटलीवरून दर हिवाळ्यात दिसत असूनही माझ्या डोक्यात आले नव्हते. या वेळी दुरुस्तीवाल्याला बोलावले. विशीतला मुलगा. त्याने काच काढली, रुळावर बोट फिरवले आणि विचारले, “काका, हे मेण कुणी लावलं?” मी म्हणालो, “मेण नाही, खोबरेल.” तो हसला नाही, हे त्याचे चांगुलपण. म्हणाला, काही लोक शिवणयंत्राचे तेल घालतात, काही गंज सोडवायचा फवारा मारतात. फवाऱ्याने मुळातले ग्रीस धुऊन जाते आणि त्याचे तुषार काचेवर बसतात. आत झुरळे आणि मुंग्यांची वारुळेही सापडतात म्हणे.

त्याने रूळ कोरड्या कापडाने पुसून काढला, तांदळाच्या दाण्याएवढे सिलिकॉन ग्रीस लावले आणि पट्टी हाताने दोन वेळा मागे-पुढे नेली. काचेवर काही फवारले नाही. कापड किंचित ओले करून आतली बाजू पुसली आणि तिला बोट लागू दिले नाही. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. ही पट्टी खालून स्प्रिंगने काचेला टेकवलेली असते, म्हणून जाड पुस्तक स्कॅन करताना झाकणावर कोपराने रेटू नये.

त्या दुपारच्या कागदांचे काय झाले, ते राहिलेच. मी टेबल पुसत असताना मुलाचा फोन आला. “बाबा, मोबाईलनेच स्कॅन करा ना.” खिडकीपाशी उजेडात एकेक पान धरून तासाभरात सगळे कागद भावाकडे गेले. प्रिंटरच्या अंगावर माझा एकही स्क्रू-ड्रायव्हर पडण्याची गरज नव्हती.

मशीन आता व्यवस्थित चालते. फक्त माझे खोबरेल त्या पांढऱ्या पट्टीपर्यंत पोचले होते आणि तो डाग काही निघाला नाही. त्यामुळे प्रत्येक स्कॅनवर डावीकडे वरपासून खालपर्यंत एक फिकट उभी रेघ येते. पूर्ण चौकट बदलली तर जाईल, असे तो दुरुस्तीवाला म्हणाला. मी अजून बदललेली नाही.