टोपीवरील विजेरी
(इयत्ता ६ वी व ७ वी : कार्यानुभव व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून काय करून घ्यावे, हा प्रश्न शाळाभेटीच्या वेळी शिक्षकबंधू व भगिनी वारंवार विचारतात. राख्या, आकाशकंदील, कागदी फुले यांचे दिवस ठरलेले आहेत. परंतु घरात जिची खरोखर गरज आहे आणि जी करता करता विज्ञानाचे एकदोन नियम मुलांच्या हाताखालून जातात, अशी वस्तू सहसा सापडत नाही. या लेखात तशी एक वस्तू सुचविली आहे : टोपीला बसविलेली लहान विजेरी. खेड्यात हिला बॅटरीच म्हणतात व मुलांशी बोलताना तो शब्द वापरण्यास हरकत नाही. मात्र सेल, दिवा व त्यांना जोडणारी कळ ही तिची वेगवेगळी अंगे आहेत, एवढे त्यांच्या नजरेस आणून द्यावे.

गरज कोठे आहे, हे आपल्या जिल्ह्यातील शिक्षकास सांगावयास नको. शेतीपंपांना वीज दिवसा व रात्री आळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली म्हणजे गव्हाला, कांद्याला वा उसाला पाणी भरण्यासाठी शेतकऱ्यास मध्यरात्री बांधावर उभे राहावे लागते. दारे मोडताना खोरे दोन्ही हातांनी धरावे लागते. मग विजेरी कोठे धरावयाची? कोणी ती काखेत धरतो, कोणी मान व खांदा यांच्यामध्ये दाबतो, आणि पुष्कळजण सरळ दातांत धरतात. "तुमच्या घरी रात्री पाणी भरताना बॅटरी कशी धरतात?" एवढा एकच प्रश्न वर्गात विचारावा. पाठाची प्रस्तावना मुलांच्या उत्तरांतूनच होईल. निराळी करावी लागणार नाही.

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक गाव. जेथे अशी वीज पोहोचली तेथे रात्रीचे जागरण टळले. इतरत्र ते चालूच आहे. शिवाय पहाटेच्या अंधारात कोयता चालविणारा ऊसतोड मजूर आहे, गोठ्यात धार काढणारी माउली आहे. हात मोकळा राहणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्रीच हिंडतो. एका हातात काठी असणे व समोरचे गवत दिसणे या दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात.

आता मुख्य अडचण कोणती ते पाहू. विजेरी टोपीला बांधणे मुळीच कठीण नाही. दोरा, पिन, रबर, काहीही चालते. कठीण आहे ते टोपी डोक्याला धरून ठेवणे. मुलांना प्रथम कोणत्याही सूचना न देता विजेरी टोपीला बांधावयास सांगावे व नंतर खाली वाकून जमिनीवरील खडू उचलावयास लावावे. बहुतेकांच्या टोप्या नाकावर येतील अथवा खाली पडतील. ही फजिती अवश्य होऊ द्यावी. टोपी का घसरली, हा प्रश्न मुलांनीच उपस्थित केला पाहिजे.

उत्तर तरफेच्या नियमात आहे. टोपी पुढे झुकते ती केवळ विजेरीच्या वजनामुळे नव्हे. ते वजन कपाळाच्या आधारापासून किती पुढे टांगले आहे यावर ते अवलंबून असते. ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढून तिच्या बाहेरील भागावर एक सेल ठेवावा व तो हळूहळू टोकाकडे सरकवावा. वजन तेच, पण एका ठिकाणी पट्टी उलटते. मग आकडे द्यावे : ५० ग्रॅमची विजेरी आधारापासून ४ सेंटिमीटरवर असेल तर गुणाकार २०० येतो, टोपीच्या छज्ज्याच्या टोकाला, म्हणजे १० सेंटिमीटरवर लावली तर ५००. तीच विजेरी अडीचपट ओढ देऊ लागली. येथे सेलचे वजनही तोलून घ्यावे. बोटाएवढा बारीक सेल (ट्रिपल ए) सुमारे ११-१२ ग्रॅम, त्याहून जाड पेन्सिल सेल (डबल ए) अल्कलाइन असल्यास सुमारे २३ ग्रॅम भरतो. जुन्या मोठ्या विजेरीतील जाड सेल मात्र एकेक १०० ग्रॅमच्या आसपास, काही तर त्याहूनही जड असतात. दोन जाड सेलांची विजेरी टोपीवर का टिकत नाही, हे यापुढे सांगावे लागत नाही.

खाणकामगारांच्या टोपीवर पूर्वी तेलाचा व नंतर कार्बाइडचा दिवा असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेचा दिवा आला, तेव्हा सेलांचे ओझे कमरेच्या पट्ट्याला लावून दिवा तेवढा टोपीवर ठेवावा लागला; अडचण हीच होती. आज सगळी विजेरी टोपीवर मावते ती एलईडी दिव्यामुळे. हा दिवा फार थोडी वीज घेतो, म्हणून लहान सेल पुरतो. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळा एलईडी तयार झाल्यावर. त्या कार्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांना ही नावे पाठ करावयास लावू नयेत.

प्रत्यक्ष कृतीसाठी एकच विजेरी हवी : पेनाच्या आकाराची, एक वा दोन बारीक सेलांची. बाकीचे साहित्य घरचे. सायकलची निकामी ट्यूब आडवी कापली की बोटभर रुंदीची रबरी कडी मिळते. या कडीला मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठाचा आकडा करावा. एका फासात विजेरी जाते, दुसरा फास टोपीवर शिवलेल्या कोटाच्या मोठ्या बटणात अडकतो. अशी दोन बटणे, एक पुढे व एक चार बोटे मागे, कानाच्या वरच्या बाजूस शिवावी. एकाच बटणावर विजेरी फिरते व प्रकाश आकाशाकडे जातो. ही रीत मला सर्वांत पसंत आहे, कारण विजेरी क्षणात निघते व टोपी धुता येते. पिनांनी केलेल्या जोडणीत टोपी फाटते, आणि पिन उघडली तर डोक्यालाच टोचते. लहान वर्गांत पिना देऊच नयेत.

टोपी कोणती, यावर पुढचे सारे ठरते. गांधीटोपी नुसती डोक्यावर ठेवलेली असते, तिला पकड नाही. तिला दोन्ही बाजूंनी नाडी शिवून ती डोक्यामागे बांधावी. कानटोपीला पकड उत्तम असते, परंतु लोकरीचे विणकाम ताणले जाऊन विजेरी लोंबते. म्हणून बटणाच्या आतून जुन्या दप्तराच्या जाड कापडाचा तुकडा लावावा. छज्ज्याच्या टोपीवर विजेरी छज्ज्याखाली कधीही लावू नये, उजेड डोळ्यांत येतो. ती टोपीच्या बाजूला घ्यावी, म्हणजे छज्जा डोळ्यांवर सावली धरतो. ज्यांच्या घरी अद्याप मुंडासे वा फेटा आहे, त्यांनी काहीच शिवावयाचे नाही. विजेरी घट्ट पिळाच्या दोन थरांत खोचली की ती हलत नाही. हजारो वर्षे डोक्याला गुंडाळलेल्या कापडाची पकड शिवलेल्या टोपीला येत नाही, हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे.

स्त्रिया शेतात डोक्याला रुमाल बांधतात. त्यांच्यासाठी टोपीचा विचार सोडून जुन्या साडीचा काठ घ्यावा. काठाचे विणकाम दाट असल्याने तो ताणला जात नाही. डोक्याचा घेर सुतळीने मोजून, गाठीसाठी वीतभर जादा ठेवून तो दुहेरी शिवावा व त्यावर तीच दोन बटणे लावावी. रुमालावरून ही पट्टी बांधता येते. बाजारात पट्ट्यासह तयार विजेरी मिळते, मग हा खटाटोप कशासाठी, असे एखादा मुलगा विचारील. त्यास त्याच्या घरची तशी विजेरी आणावयास सांगावे. तिचा इलॅस्टिक पट्टा सैल होऊन ती कोनाड्यात पडली असण्याचा संभव मोठा. तिला साडीच्या काठाचा नवा पट्टा करून द्यावा, तोही याच पाठाचा भाग समजावा.

विजेरीचा कल किती ठेवावा, हे भूमितीने काढता येते. दिवा जमिनीपासून १.५ मीटर उंच आहे व प्रकाश ३ मीटर पुढे पडावयास हवा, असे धरून १ मीटरास ५ सेंटिमीटर या प्रमाणात काटकोन त्रिकोण काढावयास लावावा. कोनमापकाने मोजल्यास आडव्या रेषेपासून सुमारे २७ अंशांचा उतार मिळेल. १ मीटरवरील दारे पाहावयाचे तर तो ५६ अंश होतो. काम करणारा मनुष्य मान वाकवून यातील बराच फरक भरून काढतो, म्हणून चालण्याच्या अंतरासाठी टोपीवरील कल बेतावा. त्यासाठी मागचे बटण पुढच्यापेक्षा थोडे वर शिवले की पुरते.

या वस्तूची एक मर्यादा शिक्षकाने लपवू नये. दिवा डोळ्यांजवळ असला की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे दडते. त्यामुळे खड्डे व दगड सपाट दिसतात. आपले वाडवडील कंदील गुडघ्याजवळ धरून चालत, तेव्हा लहान ढेकळाचीही लांब सावली पडे. अंधाऱ्या वर्गात जमिनीवर खडे पसरून, विजेरी एकदा कपाळाशी व एकदा गुडघ्याशी धरून हा फरक दाखवावा. काम करताना विजेरी टोपीवर, आणि वाट चालताना हातात खाली, हे उत्तर मुले आपण होऊन देतील.

डोळ्यांजवळच्या दिव्याचा दुसरा परिणाम याच्या उलट आहे. सायकलचा रिफ्लेक्टर वर्गाच्या टोकाला ठेवून विजेरी कपाळाशी धरली तर तो झळझळीत दिसतो. तीच विजेरी हात लांब करून बाजूला धरली तर मंद होतो. कारण तो प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवितो. (कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर का हवा, हे येथे सांगून टाकावे.) गाय, शेळी, कुत्रा, मांजर व बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे असाच चकाकणारा थर असतो. म्हणून टोपीवरील विजेरीने दूरचे डोळे चमकताना दिसतात.

हा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीच्या मुलखात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. तेव्हा मुलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या. चमकणारे डोळे वासराचेही असू शकतात, एवढ्यावरून ओरड करू नये; आणि विजेरी हे बिबट्यापासून संरक्षण नव्हे. ही टोपी घरातील मोठ्या माणसांसाठी आहे. ती केली म्हणून कोणत्याही मुलाने रात्री शेतात जावयाचे नाही, हे पालकांनाही कळवावे.

सेलांविषयी थोडे. चपटा, नाण्यासारखा सेल वापरू नये; लहान भावंडाने तो गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते. पुन्हा भरता येणारा लिथियम सेल फुगलेला दिसला तर तो मुलांना हाताळू देऊ नये. पावसात दुधाची धुतलेली पिशवी विजेरीवर चढवावी. कोणाशी बोलताना मान खाली करावी वा विजेरी बंद करावी. समोरच्याचे डोळे दिपले की त्यास काही क्षण वाट दिसत नाही.

मूल्यमापनासाठी लेखी प्रश्न नको. टोपी घालून वीस वेळा वाकून जमिनीवरील खडा उचलावा. टोपी न सरकल्यास काम उत्तीर्ण समजावे. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मुलांनी केलेली एक टोपी आणावी, व तिच्यासोबत विजेरीचे वजन, आधारापासूनचे अंतर आणि टोपीचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी जोडावी. ज्या टोप्या घसरल्या त्याही आणाव्यात. त्यांच्याच चिठ्ठ्या आधी वाचू.