मुक्या जिवांचा इशारा

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्यातील मोठे शहर. औरंगाबाद हे त्याचे पूर्वीचे नाव. या शहराच्या जुन्या भागात औरंगपुरा नावाचा गजबजलेला विभाग आहे. तेथे महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांचे पुतळे आहेत. सावित्रीबाईंनी मुलींना शिकवले, त्यासाठी लोकांचा छळ सोसला, हे लहानथोर सर्वांनाच ठाऊक असते. त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत मात्र पुष्कळांच्या कानी आलेली नसते.

१८९७ सालच्या आरंभी पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. या रोगाला लोक 'गाठीचा ताप' म्हणत. कारण रोग्याला सणसणून ताप भरे आणि त्याच्या जांघेत किंवा काखेत मोठी गाठ येई. बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत दगावत. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत हा डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर मोकळ्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. तरीही त्या स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याकडील वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, असे सांगतात. तो मुलगा वाचला. पण सावित्रीबाईंना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

ज्या रोगाने सावित्रीबाईंचा बळी घेतला, तो मुळात उंदरांचा रोग होता. पण ही गोष्ट त्या वेळी कोणालाही नीट उमगलेली नव्हती.

हिंदुस्थानात ही साथ प्रथम मुंबईत दिसली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोगी तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. मांडवी हा बंदरालगतचा भाग. तेथे धान्याची कोठारे होती आणि कोठारांत उंदरांचा सुळसुळाट होता. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. भयभीत झालेले हजारो लोक मुंबई सोडून गावोगावी गेले आणि त्यांच्यामागोमाग प्लेगही गेला. पुढील काही दशकांत या रोगाने देशात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पाडली.

रोगाचा जंतू कोणता, हे शास्त्रज्ञांना कळले होते. १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर यर्सिन यांनी तो शोधून काढला होता. तथापि, तो जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोडे सुटले नव्हते. कोणी म्हणे, रोग दूषित हवेतून येतो. कोणी म्हणे, तो घाणीतून आणि जमिनीच्या ओलीतून येतो. म्हणून सरकारी माणसे घरात शिरून भिंती औषधी पाण्याने धूत, जमिनी उकरत, कपडे व अंथरुणे जाळून टाकत. लोकांना याचा फार जाच होई. इतके करूनही साथ हटत नसे, कारण खरा शत्रू कोण हेच ठाऊक नव्हते.

खेड्यापाड्यांतील साध्या माणसांनी मात्र एक गोष्ट हेरली होती. माणसांना ताप येण्यापूर्वी घरातील उंदीर मरत. बिळात लपून बसणारे उंदीर भरदिवसा बाहेर येत, झिंगल्यासारखे चालत आणि अंगणात गतप्राण होऊन पडत. 'उंदीर पडला' असे कोणी म्हणताच ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होई. मग लोक घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहत. उंदराच्या आणि माणसाच्या मरणाचा काय संबंध आहे, हे त्यांना सांगता येत नसे. पण संबंध आहे एवढे ते अनुभवाने जाणत होते.

हा संबंध कोणता, याचा छडा लावण्याचे काम पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी हाती घेतले. त्यांनी मुंबईत प्लेगचे रोगी पाहिले होते. काही रोग्यांच्या अंगावर अगदी बारीकसा फोड दिसे. तो एखाद्या किड्याच्या दंशासारखा वाटे. पुढे ते कराचीस गेले. तेथे जून १८९८ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. काचेच्या एका मोठ्या बरणीत त्यांनी प्लेगने आजारी असलेला उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या. तो मरणाच्या पंथाला लागला, तेव्हा त्यांनी जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणीत टांगला. दोन्ही उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवा मात्र उडी मारून जाळीतून आत जाऊ शकत होत्या. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. मग सिमाँ यांनी अंगावर पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांजवळ ठेवून पाहिला. त्या निरोगी उंदरांना काहीही झाले नाही.

रोगाचा वाहक सापडला होता. तो होता उंदराच्या अंगावरची पिसू! सावित्रीबाईंच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम पंधरा महिने झाले होते.

परंतु मोठमोठ्या विद्वानांना हे पटेना. एवढ्याशा किड्याने एवढा संहार केला असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. काही वर्षांनी मुंबईत डॉ. विल्यम ग्लेन लिस्टन यांनी हाच धागा पुन्हा हाती घेतला. प्लेगमुळे ओस पडलेल्या घरांत त्यांनी गिनीपिग नावाचे लहान प्राणी सोडले. ते बाहेर काढून पाहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या. १९०५ साली प्लेगच्या तपासासाठी संशोधकांचे एक मंडळ नेमण्यात आले. या मंडळाने परळच्या प्रयोगशाळेत काळजीपूर्वक प्रयोग केले. पिसूला आत शिरता येणार नाही अशा बारीक जाळीत ठेवलेले प्राणी जगले. उघड्या पिंजऱ्यातील प्राणी प्लेगने मेले. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले प्राणीही वाचले. आता शंकेला जागा उरली नाही.

हे सारे घडते कसे, तेही हळूहळू स्पष्ट झाले. पिसू आजारी उंदराचे रक्त पिते. त्या रक्ताबरोबर प्लेगचे जंतू तिच्या पोटात जातात व तेथे वाढतात. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. थंड शरीरावर पिसू राहत नाही. ती दुसरा उबदार आसरा शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर ती त्याच्यावर जाते. न मिळाला तर घरातल्या माणसाला चावते. उंदीर पडल्यानंतरच माणसे का पडत, याचे उत्तर हेच होते.

ज्या परळच्या प्रयोगशाळेत हे प्रयोग झाले, तिचा इतिहासही स्मरणीय आहे. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजात, एका लहानशा जागेत, प्लेगवरील लस तयार केली. लस निर्धोक आहे की नाही हे पाहण्यासाठी १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

प्लेग नाहीसा झाला असे पुढे अनेकांना वाटू लागले. परंतु १९९४ साली मराठवाड्यानेच त्याचा पुन्हा अनुभव घेतला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भीषण भूकंप झाला. बीड जिल्ह्यातील मामला या गावी लोक भीतीने जुनी घरे सोडून पत्र्याच्या निवाऱ्यांत राहू लागले. मागे राहिलेल्या घरांत धान्य होते. त्यावर उंदीर पोसले गेले आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली. ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले. मग पिसवांचा उपद्रव सुरू झाला. महिना संपता संपता लोकांना ताप येऊन गाठी दिसू लागल्या. प्रथम उंदीर, मग पिसवा, मग माणसे! शंभर वर्षांपूर्वीचाच तो क्रम होता.

फरक एवढाच की, आता ज्ञान हाताशी होते. आरोग्य खात्याची पथके गावात आली. त्यांनी घरोघर कीटकनाशक फवारले आणि लोकांना प्रतिजैविक औषधे दिली. अशा वेळी एक नियम पाळावा लागतो : आधी पिसवा माराव्यात, मग उंदीर. उंदीर आधी मारले, तर त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांकडे वळतात. सिमाँ यांच्या बरणीतील प्रयोगाचा हा केवढा मोठा उपयोग!

प्राण्यांच्या मृत्यूने माणसांना इशारा दिल्याची आणखीही उदाहरणे आहेत. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्यासाठी जाणारी माणसेही तापाने फणफणली. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. मेलेल्या माकडांची आणि रोग्यांची तपासणी करून त्यांनी एक नवाच विषाणू शोधून काढला. तो गोचिडींच्या चाव्यातून पसरतो, हेही त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रात या रोगाला 'माकडताप' म्हणतात. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात तो आढळला. पुण्याचे ते केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि तो बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. मग पशुवैद्यांनी व कर्मचाऱ्यांनी आजूबाजूच्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. कुक्कुटपालन करणाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. परंतु माणसांमध्ये रोग पसरला नाही. कोंबड्यांकडे लक्ष देणारी माणसे जागरूक होती, म्हणून हे साधले.

प्राण्यांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात महाराष्ट्रातच रुजला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. १८८९ साली पुण्यात गुराढोरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. बरेलीजवळ इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचेच वाढलेले रूप होय. प्राणी आणि माणूस यांचे आरोग्य निराळे नाही, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे झाली.

तरीही कोणत्याही रोगाचा पहिला इशारा मोठ्या संस्थेत पोहोचण्याआधी गोठ्यात, खुराड्यात, कोठारात किंवा रानात उमटतो. तो प्रथम गुराख्याला, शेतकऱ्याला, कधी शाळेच्या वाटेवरील मुलालाही दिसतो. एकाएकी अनेक उंदीर, पक्षी, माकडे किंवा गुरे मेलेली दिसली, तर त्यांना हात लावू नये. कुत्र्यामांजरांनाही तेथे जाऊ देऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना, गुरुजींना सांगावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात ताबडतोब कळवावे. कुत्रा चावला, तर जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी आणि विलंब न करता डॉक्टरांकडून लस टोचून घ्यावी.

मुक्या प्राण्यांना आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही. ते आजारी पडून, मरून सांगतात. त्यांची काळजी घेणे ही भूतदया तर आहेच. शिवाय त्यातच माणसाचे स्वतःचेही रक्षण आहे.

अभ्यास

१. 'उंदीर पडला' हे शब्द ऐकून लोक घाबरत असत. का?
२. सिमाँ यांनी निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात का ठेवला? पिसवा नसलेल्या उंदराचा प्रयोग त्यांनी कशासाठी केला?
३. प्लेगच्या साथीत आधी पिसवा आणि मग उंदीर का मारावेत, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. मामला आणि नवापूर येथील घटनांत कोणते साम्य आहे?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : काळजात धस्स होणे, छडा लावणे, मरणाच्या पंथाला लागणे.
६. तुमच्या गावातील किंवा पेठेतील पशुवैद्यकीय दवाखान्यास भेट द्या आणि तेथे जनावरांना कोणकोणत्या रोगांवरील लसी टोचतात, ते लिहून आणा.