रविवारी कातर लावू नकोस

दादर, मंगळवार

चि. सानिका,


काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "सानिका रविवारी आईंची डाळिंबी साडी कापतेय, रिसेप्शनच्या गाऊनसाठी. मांजरपाटावर बेतून बघायला वेळ नाही म्हणते." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर मला नीट रागावता येत नाही, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय.

अख्खा गाऊन हातानं शिवायला घेतलास, याचं मला कौतुकच आहे. पण हातशिलाई म्हणजे नुसता बारीक टाका नव्हे गं. पॅरिसच्या मादलेन व्हिओनेचं नाव तूच मला सांगितलंस ना? उरेब कापडात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, तरी ती आधी लाकडी बाहुलीवर कापड लावून, काढून, पुन्हा लावून बघायची. तिला जास्त पन्ह्याचं कापड मुद्दाम विणून मिळायचं. तुझ्याकडे साडीचा पन्हा आहे, आणि ही साडी एकच आहे.

साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत होती. उजेडात धर, घडीवर विरलेली दिसेल. तिथं आतून रेशमी ऑर्गन्झा जोड, म्हणजे ताण त्यावर येईल. खुणा खडूनं करू नकोस. पांढऱ्या धाग्याचा धावदोरा घाल, तो दोन्ही बाजूंनी दिसतो. उरेब कापड आपल्या वजनानं उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून शिवल्यावर निदान एक दिवस टांगून ठेव, घेर जमिनीपासून मोजून सारखा कर, मगच तुरपाई. पण हे सगळं नंतर. आधी मांजरपाट. रविवारी कातर लावू नकोस.

तुझ्या बारशाच्या दुपट्यात मोरपिशी तुकडे आहेत ना? ते कुठून आले, हे तुला कधी सांगितलं नाही. १९८४ साली मी बावीस वर्षांची होते. मैत्रिणीच्या लग्नात घालायला आईच्या मोरपिशी साडीचा ड्रेस बेतला, थेट. काखेत असा ओढला की हात वर होईना. उसवून सैल करावा, तर आतून सुबक दिसावं म्हणून माया पाव इंचच सोडलेली. आई एक शब्द बोलली नाही. जमिनीवरचे तुकडे एकेक उचलून तिनं पदरात घेतले. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून सांगते, माया इंचभर तरी सोड. उद्या अंग भरेल, परवा तुझी लेक घालेल.

फार बोलले का? तुझ्या काजाचे टाके मी मागच्या दिवाळीत चष्मा लावून पाहिले. आईसारखेच एकाला एक लागून आहेत. तिच्यानंतर ते या घरात कुणाला जमले नव्हते, मलासुद्धा नाही. भीती तुझ्या हाताची नाही, घाईची आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. पाच मीटर मांजरपाट धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. तू आरशासमोर उभी राहा, टाचण्या मी लावीन.

आणि पत्र पोचायच्या आत कापलीच असशील, तर रडत बसू नकोस, मला फोन कर. तुकडा एकही टाकू नकोस. आईनं माझे टाकले नव्हते.

तुझी,
आत्या