घटक ५ : मजकूर, मांडणी आणि संमती – ग्राफिक व वेब डिझायनरच्या कामातील मराठी

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• ग्राफिक व वेब डिझायनरच्या दैनंदिन कामाचे भाषिक स्वरूप सांगता येईल.
• देवनागरी लिपीच्या मांडणीत घ्यावयाची काळजी उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• जुने फाँट आणि युनिकोड यांतील मूलभूत फरक सांगता येईल.
• मजकूर देणारा आणि मांडणी करणारा यांच्या परस्पर जबाबदाऱ्या विशद करता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मुद्रितशोधनाच्या खुणा व पद्धती यांचा परिचय करून घेतला. आपण तपासलेली मुद्रिते ज्याच्या हाती जातात, त्या व्यक्तीच्या कामाकडे या घटकात वळावयाचे आहे. तुमच्यापैकी काही जण डीटीपी केंद्रात, छापखान्यात किंवा वर्तमानपत्राच्या कार्यालयात नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. त्यांना येथील वर्णन ओळखीचे वाटेल. इतरांना आज ना उद्या एखादी स्मरणिका, अहवाल, निमंत्रणपत्रिका किंवा संकेतस्थळ यासाठी डिझायनरकडे जावेच लागेल.

डिझायनर म्हणजे रंग आणि चित्रे यांचा जाणकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. त्याच्या कामाचा मोठा भाग शब्दांचा असतो, आणि हे शब्द दोन प्रकारचे असतात : एक, मांडावयाच्या मजकुराचे शब्द, दुसरे, त्या मांडणीला दिलेल्या संमतीचे शब्द. दोन्ही त्याला इतरांकडून मिळतात. त्याच्या व्यावसायिक जीवनातील समाधान आणि मनस्ताप या दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कामाचे स्वरूप

तालुक्याच्या गावातील एखाद्या डिझायनरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी लग्नपत्रिका, दुपारी दुकानाचा फ्लेक्स, सायंकाळी शाळेचा वार्षिक अहवाल आणि रात्री पतसंस्थेच्या संकेतस्थळावरील सूचना. मजकूर कधी टंकलिखित येतो, कधी हस्तलिखित कागदाच्या छायाचित्राच्या रूपाने मोबाइलवर येतो, तर कधी दूरध्वनीवरून तोंडी सांगितला जातो. पाहुण्यांच्या आडनावात ‘शिर्के’ आहे की ‘शिर्‍के’, हे विचारण्याची वेळ त्याच्यावर येते. अनेकदा छपाईपूर्वीचा अखेरचा वाचक तोच असतो. मात्र वाचनाचे श्रेय वा मोबदला त्याला क्वचितच मिळतो.

गेली अनेक वर्षे महाविद्यालयाची वार्षिके व चर्चासत्रांच्या पुस्तिका संपादित करताना मी अशा डिझायनरांच्या शेजारी बसत आलो आहे. माझ्या पाहण्यात दर बहुधा पानावर किंवा कामावर ठरतो, तासांवर नाही. त्यामुळे मजकूर देणाऱ्याने सुचविलेली चौथी, पाचवी दुरुस्ती ही त्याच्या दृष्टीने ‘थोडासा बदल’ असली, तरी डिझायनरच्या दृष्टीने ती विनावेतन मेहनत असते.

५.३.२ देवनागरीच्या मांडणीतील काळजी

रोमन लिपीसाठी तयार झालेल्या मांडणीच्या सवयी देवनागरीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पुढील चार बाबी लक्षात घ्या.

(१) शिरोरेषा : शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून रोमन अक्षरांतील अंतर वाढविण्याची पद्धत आहे. देवनागरीत तसे केले, तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात.

(२) ओळींमधील अंतर : देवनागरीत मात्रा, अनुस्वार व रफार अक्षराच्या वर, तर उकार खाली येतात. ओळी दाटीने लावल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रांना भिडतात.

(३) अक्षरांचे मराठी वळण : ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी देवनागरी वर्णमालेचे प्रमाणरूप निश्चित केले. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात. अशा फाँटचा वापर करताना संकेतस्थळाच्या पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली, तर मराठी वळण उमटू शकते. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींनाही या नोंदीचा उपयोग होतो. वाचकाला न दिसणारी ही एक लहानशी नोंद भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

(४) अर्थभेदक चिन्हे : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ बोलावणे म्हणजे गुरुजनांना बोलावणे. ‘आचाऱ्यांना’ बोलावणे म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना बोलावणे. पहिल्या रूपांत रफार आहे, दुसऱ्या रूपांत आडवा, अर्धा ‘र’ आहे. लेखनातील या सूक्ष्म भेदावर येथे अर्थ अवलंबून आहे.

५.३.३ खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

मराठी मुद्रणाला सुबक देवनागरी खिळ्यांची मोठी परंपरा लाभली आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना त्यासाठी विशेष प्रसिद्ध होता. संगणकाच्या काळात ही परंपरा पुढे नेणाऱ्यांमध्ये मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करणारे अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. संगणकावर अनेकांच्या परिचयाचा असलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांनी घडविला.

संगणकावरील सुरुवातीच्या बहुतेक देवनागरी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे व त्यांच्या भागांचे आकार बसविलेले असत. प्रत्येक फाँटची ही वाटणी वेगळी असे. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे आकार साठविला जात नाही, वर्ण साठविला जातो. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’, हलन्त-चिन्ह आणि ‘ष’ अशा तीन घटकांनी नोंदले जाते. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, परंतु साठविताना ती ‘क’च्या नंतर येते, म्हणजेच उच्चाराचा क्रम पाळला जातो. ‘धर्म’मधील ‘र’ही ‘म’च्या आधीच नोंदला जातो, जरी रफार ‘म’च्या डोक्यावर दिसत असला तरी.

जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना चुका प्रामुख्याने का होतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. आकारांचा क्रम बदलून तो वर्णांच्या क्रमात आणावा लागतो. वेलांटी, रफार आणि अर्धा ‘र’ या ठिकाणी रूपांतर हमखास अडखळते.

५.३.४ एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या पुस्तिकेचा मजकूर मी जुन्या फाँटमध्ये एका डिझायनरकडे पाठविला. त्याने तो युनिकोडमध्ये आणला, पाने लावली आणि मुद्रित माझ्याकडे धाडले. ते माझ्याकडे दोन दिवस होते. मी मुखपृष्ठ पाहिले, माझा स्वतःचा लेख चाळला आणि ‘फायनल, छापा’ असा संदेश पाठविला. पुस्तिका छापून आली तेव्हा एका लेखाचे शीर्षक ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे झाले होते.

मी त्याला दूरध्वनी करून तुमच्या संगणकाची ही चूक, असे जरा चढ्या आवाजात सुनावले. त्याने शांतपणे उत्तर दिले, “सर, रूपांतरात चूक झाली हे खरं. पण दर्या आणि दऱ्या यांतला फरक तुम्ही वर्गात शिकवता. म्हणूनच प्रूफ तुमच्याकडे पाठवलं होतं.” मला उत्तर सुचले नाही. पुढे ते पान नव्याने छापून प्रत्येक प्रतीत बसविण्यात आले. त्याचा खर्च त्याने आपल्या बिलात धरला नव्हता, हे मला हिशेब पाहताना कळले. मी तो खर्च दिला, परंतु त्याआधीचे माझे बोलणे मला परत घेता आले नाही. मी भाषाविज्ञानाचा अध्यापक; अर्थभेदक चिन्हांवर व्याख्याने देणारा. जे काम माझे होते, ते मी तांत्रिक समजून दुसऱ्यावर सोपविले होते.

५.३.५ ‘फायनल’ या शब्दाचे कार्य

हा प्रसंग आपल्याला भाषाविज्ञानातील एका संकल्पनेकडे नेतो. काही उच्चारांनी आपण केवळ माहिती देत नाही, तर प्रत्यक्ष कृती करतो, असा विचार तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडला. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. ‘फायनल’ हाही असाच कृतिरूप उच्चार आहे. तो उच्चारताच मजकुराची जबाबदारी मजकूर देणाऱ्याकडे येते, छपाईचा खर्च सुरू होतो आणि डिझायनरचे काम पूर्ण झाल्याचे मान्य होते. पण अशी कृती यथायोग्य ठरण्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. येथील अट साधी आहे : संमती देणाऱ्याने मजकूर वाचलेला असावा.

व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ दोन बाजूंना वेगवेगळा होतो. ग्राहकाच्या लेखी ‘फायनल’ म्हणजे ‘सध्यापुरते ठीक’. डिझायनरच्या लेखी तो पूर्णविराम असतो. त्याच्या संगणकात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘शेवटचे फायनल’ अशा नावांच्या फाइली साठतात त्या यामुळेच. संकेतस्थळाच्या बाबतीत ही अडचण अधिक वाढते. छापलेले पान बदलता येत नाही म्हणून निदान थांबावे लागते. संकेतस्थळ केव्हाही बदलता येते, म्हणून काम संपल्याचे कोणी म्हणतच नाही.

यावर उपाय भाषिकच आहे. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, संमती कोण देणार आणि संमतीनंतरच्या बदलाचा मोबदला किती, हे आरंभीच सोप्या मराठीत लिहून घ्यावे. दुरुस्त्या सुट्या संदेशांतून न पाठविता एकत्र, पान व ओळ नमूद करून द्याव्यात. ‘जरा उठावदार करा’ असे न म्हणता काय, कोठे आणि कशासाठी बदलावयाचे ते सांगावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
(अ) युनिकोडमध्ये (आकार / वर्ण) साठविला जातो.
(आ) अक्षरांतील अंतर वाढविल्यास देवनागरीत (शिरोरेषा / वेलांटी) तुटते.
(इ) ‘फायनल’ हा (वर्णनपर / कृतिरूप) उच्चार आहे.
उत्तरे : (अ) वर्ण (आ) शिरोरेषा (इ) कृतिरूप

५.४ सारांश

ग्राफिक व वेब डिझायनरचे काम हे दृश्यकलेइतकेच भाषेचेही काम आहे. देवनागरीची शिरोरेषा, मात्रा, मराठी वळणे आणि अर्थभेदक चिन्हे सांभाळणे हा त्याच्या कौशल्याचा भाग होय. परंतु मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसते. ज्याला भाषा अधिक कळते, त्याचा वाटा अधिक. मराठीचा पदवीधर म्हणून हा वाटा तुम्हांला उचलावयाचा आहे.

५.५ पारिभाषिक शब्द

मुद्रित : तपासणीसाठी काढलेली छपाईपूर्व प्रत, प्रूफ.
अक्षरजुळणी : मजकूर टंकित करून पानासाठी सिद्ध करणे.
अर्थभेदक : ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो असे.
कृतिरूप उच्चार : जो उच्चारल्याने विशिष्ट कृती घडते असा उच्चार.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘डिझायनर हा अनेकदा मजकुराचा अखेरचा वाचक असतो.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना होणाऱ्या चुकांची कारणे सांगा.
(३) टीप लिहा : संमतीचे शब्द.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील एखाद्या डिझायनरची, त्याच्या सवडीची वेळ विचारून, भेट घ्या. तो नेहमी वापरत असलेल्या २० व्यवसायशब्दांची अर्थासह यादी करा. तसेच घरातील पाच मराठी पुस्तकांच्या आरंभीची माहितीची पाने उघडून अक्षरजुळणी व मांडणी करणाऱ्यांची नावे किती ठिकाणी दिली आहेत, ते नोंदवा.